झोपताना लावायची पट्टी

भरडखोल,
६ जानेवारी २०२५

प्रिय वल्ले,

फोन हातात असताना ही पत्रं कधीपासून लिहायला लागली, असं म्हणशील. तू फोन लावलास की बोलायच्या आधी कॅमेरा सुरू करतेस आणि सध्या माझं तोंड कॅमेऱ्यापुढे धरण्यासारखं राहिलेलं नाही. म्हणून पत्र. बोर्लीच्या पोस्टात टाकते आहे, पोस्टातल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं तर बघू देत.

बातमी अशी की माझं लग्न ठरलं. मुलगा श्रीवर्धनच्या जीवना बंदरावरचा, निकेश नाव, न्हावा शेव्याला कंटेनरच्या गोदामात कामाला आहे. बोलतो कमी, हसतो बरा. लग्न मे महिन्यात, पावसाळ्यासाठी होड्या बंद व्हायच्या आत. मला सख्खी बहीण नाही, तेव्हा करवली म्हणून माझ्या मागे तूच उभी राहायचंस. हे आपलं आठवीतच ठरलंय, आता मोठी शास्त्रज्ञ झालीस म्हणून मागे फिरायचं नाही.

आता खरं दुखणं. गालांवर नुसत्या पुटकुळ्या आल्यात गं. एक बसली की दोन उठतात. मेडिकलमधून ट्यूब आणली तर कातडी सोलली. आई म्हणते, "न्हाय गो बाय, लगीन झालं का जातील." सुका जवळा विकत घ्यायला येणारी प्रत्येक बाई मला एक नवीन लेप सांगून जाते. परवा बाजारात तुझे अण्णा भेटले. तू पुटकुळ्यांवर झाडांच्या तेलाची पट्टी बनवते आहेस, असं भर रस्त्यात मोठ्याने सांगत होते, वर्गात शिकवायचे तसंच. सगळा बाजार ऐकत होता. मी लाजले, पण तेव्हापासून डोक्यात तेच आहे.

मला देशील का ती पट्टी? हळदीच्या दिवशी एकदा तरी माझ्या चेहऱ्यावर कुणी उपाय सुचवू नये, एवढंच मागणं आहे.

तुझी,
रचना

*

मुंबई,
१५ जानेवारी २०२५

रचू, रचू, रचू!

पत्र वाचून हॉस्टेलच्या जिन्यात ओरडले. खालची मुलगी वर पळत आली, तिला वाटलं कुणीतरी गेलं. लग्न! आणि करवली मी नाही तर कोण? साडी कुठल्या रंगाची नेसू ते आधी कळव.

सोबत पाकीट आहे. आत पांढरे चौकोन आहेत, कागदासारखे दिसतील पण कागद नाहीत. आमच्या प्रयोगशाळेत एक यंत्र आहे. त्यात तेल मिसळलेलं पातळ द्रावण सुईतून सोडतात आणि विजेच्या ओढीने त्याचे धागे होतात, डोळ्याला दिसणारही नाहीत इतके बारीक. ते फिरत्या पिंपावर गुंडाळले जातात. जत्रेतले म्हातारीचे केस आठव, तसंच. कातडीच्या ओलाव्याने धागे विरघळतात आणि आतलं तेल हळूहळू बाहेर येतं. तेल गवती चहाचं, लवंगेचं आणि तिसरं कुठलं असेल? आमच्या बागेतल्या ईडलिंबाच्या सालीचं! साली अण्णा पाठवतात. उकळून काढलं तर त्याचा जोर कमी होतो असं मला वाटलं, म्हणून मी साली दाबून तेल काढते.

झोपताना लाव. उठलीस की उरलेली पट्टी सोलून काढ, पण लगेच तोंड धुऊ नकोस, तेल मुरू दे. बस, एवढंच.

एक गुपित. या पट्ट्या अजून बाहेर द्यायला परवानगी नाही. कॉलेजातल्या काही मुली आमच्या प्रयोगात आहेत, त्यांना आधी ढीगभर प्रश्न विचारावे लागतात. काय खाता, किती वाजता झोपता, दिवसभर कुठे असता, आणखी काय काय. तुला मी काय विचारू? तुला तर मी आतूनबाहेरून ओळखते. माझ्या गाईड मॅडमना सांगितलेलं नाही, तूही कुठे बोलू नकोस.

तुझ्या आईला, माझ्या केसरकाकीला नमस्कार. तिच्या सुकटीच्या चटणीची इतकी आठवण येते की अण्णांना कळलं तर घरात घेणार नाहीत.

तुझी करवली,
वल्लरी

*

भरडखोल,
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय वल्ले,

तुझ्या पट्टीला साष्टांग नमस्कार! डाव्या गालावरची ती मोठी, जिला मी नावसुद्धा ठेवलं होतं, ती बसली. उजवीकडच्याही सुकायला लागल्यात. आरशात बघावंसं वाटतं आता.

गंमत मात्र चालू आहे. दुपारी दोन्ही गालांवर पांढरे चौकोन चिकटवून जवळा वाळवायच्या खळ्यावर आडवी झाले की आजूबाजूच्या बाया हसून लोळतात. रघूदादाची बायको म्हणाली, "रचना, तुझ्या गालावर तिकीट लावून तुला पोस्टात टाकतीत काय?" जवळा राखायला पडायचं आणि कावळ्याने पट्टीवरच चोच मारायची, असंही एकदा झालं. आई धावत आली. कावळ्याला सोडून मलाच ओरडली. वास मात्र छान येतो, अंगाला म्हावऱ्याचा आणि गालांना लिंबाचा.

निकेशचा फोन आला होता. कॅमेरा लावू का म्हणाला, मी लाव म्हटलं. पहिल्यांदाच. घाबरून पदराने अर्धं तोंड झाकलं, पण लाव म्हटलं. हे तुझ्यामुळे झालं वल्ले. तुला उगाच शास्त्रज्ञ म्हणून चिडवते, पण तू खरंच काहीतरी केलंयस. मला फार फार आनंद झालाय.

साडी अबोली रंगाची नेस. पट्ट्या संपत आल्यात.

तुझीच,
रचना

*

मुंबई,
२० फेब्रुवारी २०२५

लाडके रचू,

तुझं पत्र घेऊन खोलीभर नाचले. इथल्या मुलींनाही फरक पडतोय, पण तुझ्याइतका कुणालाच नाही. आपल्या बागेतलं तेल आपल्या माणसाला मानवतं, दुसरं काय!

या वेळी मोठं पाकीट पाठवते आहे. आता हात आखडू नकोस. गालांवर, हनुवटीवर, कपाळाच्या कडेला, जिथे पुटकुळी येईल असं वाटतं तिथेही लाव. लग्नापर्यंत तोंड आरशासारखं झालं पाहिजे.

पुढच्या महिन्यात पुण्याला परिषद आहे. तिथे मी हे काम मांडणार. रात्रंदिवस तेच चाललंय, जेवणाचं भान नाही. मॅडम पहिल्यांदाच माझ्यावर खूश आहेत. मनातल्या मनात मी तुझाच चेहरा समोर ठेवून बोलायचा सराव करते, त्यामुळे बोलणं आपोआप जमतं.

घाईत आहे, राग मानू नकोस.

वल्लरी

*

भरडखोल,
१८ मार्च २०२५

प्रिय वल्ले,

शिमगा झाला. पालखी नाचली. मी घरातूनच बघितली, जरा अंग दुखत होतं.

पट्ट्या लावते आहे, तू सांगितलंस तशाच, सगळीकडे. फक्त हल्ली गाल थोडे लाल होतात आणि जळजळतात. तसं चालतं का? तुझी परिषद असताना तुला त्रास द्यावा असं नव्हतं, पण आई मागे लागली म्हणून विचारते. तुला सवड होईल तेव्हा कळव. घाई नाही.

तुझं बोलणं चांगलं होऊ दे. देवीला नारळ ठेवलाय.

रचना

*

मुंबई,
२७ मार्च २०२५

रचू,

बक्षीस मिळालं! पहिलं! तुझ्या नारळाने काम केलं गं. सगळे उठून टाळ्या वाजवत होते आणि मला वाटत होतं, रचू इथे असायला हवी होती.

थोडी जळजळ होतेच, तेल काम करत असतं. इथेही एकदोघींना झाली आणि गेली. जरा कळ काढ, मधेच सोडू नकोस, इतकं आलंय हातात. अण्णा सांगत होते की तू बाजारात तोंडाला ओढणी गुंडाळून हिंडत होतीस. नवरीने उन्हाला जपलंच पाहिजे, शहाणी झालीस!

पाडव्याला यायचं होतं, पण जमत नाही. एप्रिलमध्ये नक्की येते. ब्लाउजचं माप काढून ठेवायला सांगितलंय शिंप्याला.

तुझी,
वल्लरी

*

मुंबई,
२२ एप्रिल २०२५

रचू,

माझ्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही, तेव्हा लग्नाच्या गडबडीत असशील असं वाटलं होतं. परवा न कळवता आले ते तुला चकित करायला. केसरकाकी दारातच उभी होती. नेहमी मला बघून "आली माझी वल्लर" म्हणते, या वेळी म्हणाली, "ये. बघ काय केलंस त्ये." मग तू बाहेर आलीस.

मी पाणी प्यायले आणि पळाले. बसमध्ये बसल्यावर रडू फुटलं ते इथे येईपर्यंत थांबलं नाही. दोन्ही गालांवर काळे चौकोन, हनुवटीवर एक, कपाळाच्या कडेला एक. माझ्या पट्टीच्या मापाचे. मी ते डोळ्यांसमोरून काढू शकत नाही.

इथे आल्यावर शोधलं. ईडलिंबाच्या सालीत एक द्रव्य असतं. ते कातडीवर असताना ऊन लागलं तर कातडी भाजते आणि नंतर काळी पडते. साल दाबून काढलेल्या तेलात ते उतरतं, उकळून काढलेल्या तेलात जवळजवळ उतरत नाही. इथल्या मुली रात्री लावतात, सकाळी उठून प्रयोगशाळेत जाऊन बसतात, त्यामुळे थोड्या जळजळीपलीकडे कुणाला काही झालं नाही. पट्ट्या ताबडतोब बंद कर. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, मी पत्ता देते, सोबत येते. डाग हळूहळू फिकट होतील, काही महिने लागतील, पण होतील.

पण रचू, काकी म्हणाली तू ती दुपारी लावून खळ्यावर झोपायचीस. दुपारी का लावलीस गं? रात्री लावायची होती ना ती? झोपताना लाव असं मी स्पष्ट लिहिलं होतं. तू रात्री लावली असतीस तर यातलं काही झालं नसतं. का असं केलंस?

वल्लरी

*

भरडखोल,
२८ एप्रिल २०२५

वल्लरी,

पत्र मिळालं. दुपारी का लावली ते विचारलंयस.

मी दुपारी झोपते, म्हणून दुपारी लावली.

उजाडायच्या आत होड्या लागतात. त्याआधी आम्ही टोपल्या घेऊन बंदरावर असतो. बाबांची होडी कधी लागेल याचा नेम नसतो, म्हणून रात्री जमेल तशी डुलकी, तीही कान उघडे ठेवून. मग लिलाव, मग निवडायचं, मग खळ्यावर जवळा पसरायचा. तो वाळेपर्यंत राखत बसायचं. त्याच वेळेत डोक्यावर जाळं ओढून आम्ही झोपतो. उठलं की तोंड न धुता, तू सांगितलंस म्हणून न धुता, जवळा परतायला उन्हात. ही आमची झोप आहे. माझी आई अशीच झोपते, आजी अशीच झोपायची.

आणि तू हे बघितलंयस. मेच्या सुट्टीत तू दुपारी यायचीस, मी जाळ्याखाली पडलेली असायचे. तू गवताची काडी माझ्या नाकात घालून मला उठवायचीस आणि मी ओरडले की पळायचीस. एक दिवस नाही, दर वर्षी. मी पत्रातही लिहिलं होतं, दुपारी पट्टी लावून खळ्यावर पडते म्हणून. कावळ्याचं लिहिलं होतं. तू वाचून नाचलीस.

डागांचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. आरसा आईने उलटा करून ठेवलाय आणि मी तो सरळ करते, पुन्हा बघते, पुन्हा रडते. पण ते डाग जातील असं तू म्हणतेस, तर जातील. तुझं हे "का असं केलंस" मात्र मला जात नाही. तुझ्या प्रयोगातल्या मुलींना तू विचारलंस, किती वाजता झोपता, दिवसभर कुठे असता. त्या परक्या होत्या म्हणून वाचल्या. मला विचारलं नाहीस, कारण मी तुझी होते. मला ते वाचून तेव्हा किती बरं वाटलं होतं माहीत आहे? आईला वाचून दाखवलं होतं मी ते वाक्य.

माझ्या गालांची जळजळ झाली तेव्हा मी घाई नाही म्हटलं. खरं तर मला रात्री उशीला गाल टेकवता येत नव्हता. तुझी परिषद होती म्हणून गप्प बसले. ते माझं चुकलं. तेवढं मी घेते.

रचना

*

मुंबई,
४ मे २०२५

रचू,

तुझं पत्र किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. मला ते जाळं आठवतं. गवताची काडीही आठवते. माझ्या लेखी ती सुट्टीतली गंमत होती, तू दमून झोपलेली असायचीस हे कधी मनातच आलं नाही. आपण दोघी एकच आहोत असं मी इतकं धरून चालले की तुझा दिवसही माझ्यासारखाच असणार असं वाटलं. झोपताना म्हणजे रात्री, यापुढे माझं डोकं गेलंच नाही.

मॅडमना सगळं सांगितलं. परवानगी नसताना पट्ट्या बाहेर दिल्या, तेही सांगितलं. आमचा प्रयोग थांबवलाय. कॉलेजच्या समितीसमोर मला उभं राहावं लागेल. बक्षीस परत केलं. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, मला त्याचं काही वाटतही नाही. मला फक्त तू पाहिजेस.

डॉक्टरांकडे जाऊन आलीस हे अण्णांकडून कळलं. त्यांनी त्या दिवसापासून ईडलिंबाच्या झाडाकडे बघितलं नाही म्हणे. आई सांगत होती, नुसते झोपाळ्यावर बसून राहतात.

रचू, मला लग्नाला येऊ दे. करवली नको करूस, तो मान मी घालवला. मागच्या रांगेत बसेन, पाणी वाढेन, भांडी घासेन. तुला अक्षता टाकून निघून जाईन. फक्त ये म्हण. एवढं एकच मागते.

तुझीच,
वल्लरी

*

भरडखोल,
११ मे २०२५

वल्ले,

पत्रिका अण्णांना नेऊन दिली. त्यांनी यावं, काकूंना आणावं, जेवून जावं. त्यांनी हात जोडले तर मला कसंसंच झालं. त्यांना सांग, आमच्या घरात त्यांच्यावर कुणाचा राग नाही. ज्यांनी आम्हाला बाराखडी शिकवली त्यांनी आमच्यापुढे हात जोडू नयेत.

निकेशला मी सगळं दाखवलं, ओढणी काढून, कॅमेऱ्यात नाही, समोर. तो मग म्हणाला, "हाय ते हाय. मी काय गालांशी लगीन करतोय व्हय?" आई आत जाऊन रडली. सासूबाई म्हणाल्या की पावडर जरा जाड लावू. हळद तोंडाला लावायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, नुसती हातापायांना लावणार. करवली मनाली होईल, माझी चुलत बहीण. तिला तुझ्यासारखं हसता येत नाही, पण उभी राहील.

आता तू मागितलेलं. फार विचार केला. तू आलीस की सगळ्या बायका आधी माझ्या गालांकडे बघतील आणि मग तुझ्याकडे. तेही मी सोसलं असतं. पण तू रडशील वल्ले. मला ठाऊक आहे तू कशी रडतेस. आणि तू रडलीस की मी मांडवातून उठून तुझ्याजवळ येईन, काही नाही गं, जातील डाग, असं म्हणेन. लहानपणापासून तुझी समजूत मीच काढत आले. तू नापास व्हायला आलीस तेव्हा, तुझा कुत्रा मेला तेव्हा, मुंबईला जाताना बसच्या दारात. मला ते कधी जड गेलं नाही. पण माझ्याच लग्नात, माझ्याच तोंडासाठी, मी तुझी समजूत काढू शकणार नाही. माझ्यात तेवढं उरलेलं नाही.

तू वाईट नाहीस. मी हे कुणालाही सांगेन, आईलाही सांगते. तुझ्यावर माझा जीव आहे, तो असा पुसून जाणारा नाही, म्हणून तर इतकं दुखतं. या कागदावर मी "ये" असं लिहिलं होतं. वर खोडलेलं दिसेल तुला. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं.

येऊ नकोस.

रचना